स्वतः की मदतीने?

"नाडा बांधता येतो का तुला?"

माझ्या नोकरीधंद्याच्या आयुष्यातला हा पहिला प्रश्न. हाडं, स्नायू आणि मेंदू यांची इंग्रजी नावं साडेतीन वर्षं घोकून, कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून मी ठाण्याच्या एका पुनर्वसन केंद्रात इंटर्न म्हणून दाखल झाले होते. आमच्या विभागाच्या प्रमुख असलेल्या बाईंनी मान वर न करता एवढंच विचारलं. मला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली, नाडी म्हणाल्या असतील. मी तत्परतेने म्हटलं, "हो, मनगटावर, मानेवर, दोन्हीकडे बघता येते."

"नाडी डॉक्टर बघतात," बाई म्हणाल्या. "आपण नाडा बघायचा."

आणि पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं. मी कोटाची वरची गुंडी लावली, मग काढली आणि उभी राहिले.

सगळं केंद्र त्यांना मॅडम म्हणायचं. आम्ही मात्र बाई म्हणायचं, असा त्यांचा हुकूम होता. "मॅडम म्हटलं की मला वाटतं कुणीतरी माझ्यामागे उभं आहे," असं त्यांचं म्हणणं. पन्नाशीच्या, बुटक्या, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेल्या. खांद्याला एक पिशवी, जी त्या जेवतानाही मांडीवर ठेवायच्या. तिच्यात काय असेल यावर आम्हा इंटर्न मुलींच्या पैजा लागायच्या. एकदा ती उलटी झाली तेव्हा कळलं: शर्टाच्या गुंड्या, ब्लाऊजचे हूक, दोन कुलपं, काडेपेटी, स्क्रूचं झाकण असलेली रिकामी बाटली आणि गुंडाळून ठेवलेला एक पांढरा नाडा. पावडर, कंगवा, आरसा यांपैकी काहीही नव्हतं.

मी या धंद्यात आले ती काही सेवाभावाने नाही. डॉक्टर व्हायचं होतं, मार्कांनी दगा दिला, आणि यादीत पुढे जे नाव होतं, ऑक्युपेशनल थेरपी, त्यावर मी बोट ठेवलं. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत वडिलांनी "मुलगी व्यवसायोपचार शिकते आहे" असं शुद्ध मराठीत जाहीर केलं, आणि पंधरा दिवसांत तळमजल्यावरचे काका आपल्या मुलाची मार्कशीट घेऊन आमच्या घरी हजर. व्यवसाय मिळवून देण्याचा हा काहीतरी उपचार असावा अशी त्यांची समजूत. "बँकेत वगैरे कुठे चिकटवता आला तर बघ हो," म्हणाले. मावशीला वाटलं मालिश. तिने गुडघे पुढे केले. मला कुणी विचारलं की मी दोनचार इंग्रजी शब्द फेकून तिथून सटकत असे, कारण आपण नक्की काय करतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

बाईंना ठाऊक होतं. "माणसाला सकाळी उठल्यापासून जे जे करावं लागतं ते त्याला पुन्हा करता आलं पाहिजे. संपलं."

हे "संपलं" त्या अशा ठसक्यात म्हणायच्या की माझी साडेतीन वर्षांची पुस्तकं तिथल्या तिथे मिटायची.

सोमवारी डावा हात. हा विभागाचा कायदा होता. दर सोमवारी आल्या आल्या बाई आमचा उजवा हात क्रेप बँडेजने छातीशी बांधून टाकायच्या आणि संध्याकाळी पाच वाजता सोडायच्या. डबा डाव्या हाताने उघडायचा, पोळी डाव्या हाताने तोडायची, केस सुटले तर सुटले. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची उजवी बाजू गेलेली असायची. त्यांना शिकवायचं तर त्यांच्यासारखं एक दिवस काढा, असा हिशेब.

पहिल्या सोमवारी मी हुशारी केली आणि दुपारपर्यंत पाणीच प्यायले नाही. तीन वाजता नाइलाज झाला. त्या दिवशी मी सलवार-कमीज घातला होता आणि सकाळी घाईत नाड्याला निरगाठ बसली होती. संडासाच्या त्या अंधाऱ्या खोलीत डाव्या हाताच्या नखांनी, मग दाराच्या कडीने, मग (सांगायला लाज वाटते) वाकून दातांनी मी त्या गाठीशी झुंजले. दातांपर्यंत गाठ पोचत नाही, हे शरीरशास्त्रात विशेष प्रावीण्य मिळवलेल्या मुलीला तेव्हा कळलं. शेवटी कशीबशी सुटली. मग बांधता येईना. सलवार मुठीत धरून मी बाहेर आले तेव्हा बाई समोर उभ्या, हातात घड्याळ.

"सत्तावीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "आता सांग, नाडा बांधता येतो का तुला?"

त्यांनी पिशवीतला तो पांढरा नाडा काढला, एक टोक टेबलाच्या पायाखाली दाबलं आणि एका हाताने सुरगाठ कशी मारायची ते मला दाखवलं. एकदाच दाखवलं. मी नंतर घरी आठवडाभर पलंगाच्या पायाला नाडे बांधत बसले होते. आईने वडिलांना हळूच विचारलं, हिचं सगळं ठीक आहे ना.

दुसरा कायदा "हात मागे". पेशंट काही करत असला की आम्ही पाठीमागे हात बांधून उभं राहायचं. त्याची वाटी कलंडली, शर्टाची बाही अडकली, तरी हात मागेच. पडणार असेल तरच पुढे यायचं. "तुमचे हात फार चांगले आहेत," बाई म्हणायच्या, "म्हणूनच ते मागे ठेवा. एकदा का तुमच्या हाताने त्याचं काम केलं की त्याचा हात म्हणतो, चला, सुटलो."

आणि तिसरं ते रजिस्टर. जाडजूड, खाकी पुठ्ठ्याचं. त्यात पेशंटचं नाव, काम, आणि शेवटचा रकाना "कसं केलं?" तिथे दोनच शब्द चालायचे: "स्वतः" किंवा "मदतीने". "जवळजवळ स्वतः", "थोड्याशा मदतीने" असलं काही लिहिलं तर बाई लाल पेनने कापायच्या. कप त्याने उचलला पण बशी तुम्ही धरली? मदतीने. गुंडी त्याने लावली पण काजाचं भोक तुम्ही दाखवलंत? मदतीने. कॉलेजच्या परीक्षेतही मी इतकी काटेकोर तपासणी पाहिली नव्हती.

सगळी कामं "स्वतः" झाली की पेशंट घरी जायचा. त्याला डिस्चार्ज म्हणायचं नाही. पाठवणी म्हणायचं. त्या दिवशी त्याने सगळ्या विभागाला स्वतःच्या हाताने चहा करून पाजायचा. आम्ही रांगेत हात मागे बांधून उभ्या, आणि तो जे देईल ते प्यायचं. मी तिथे मिठाचा चहा प्यायले आहे, बिनचहापत्तीचा चहा प्यायले आहे. बाई प्रत्येक वेळी कप रिकामा करून म्हणायच्या, "छान झालाय." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं एकमेव खोटं ते.

हिराबाई आमच्याकडे आल्या तेव्हा मला येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. कोपरीच्या कोळीण. शिमग्यानंतर अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू पडली. पाय काठीच्या आधाराने बराच सुधारला, हात मात्र तसाच लोंबत राहिला. रिक्षा अगदी पायरीला टेकेपर्यंत त्या उतरल्या नाहीत, आणि उतरल्या त्या अंगाभोवती चादर गुंडाळून. आत गाऊन होता. मुलाने, दत्ताने, आईला सोयीचा म्हणून आणलेला, निळ्या फुलांचा.

मी लगेच माझी चार पानी तपासणी काढली. रंगीत खुंट्या भोकांत बसवा, शंकू एकावर एक ठेवा, डोळे मिटून किल्ली ओळखा. हिराबाईंनी सगळं निमूट केलं. मग म्हणाल्या, "झाला तुजा खेल? आता माजं आईक. माजे हातावरून वारं गेलंय, तोंडावरनं नाय. मासली सून कापंल, भाव मी करंन. मना फकस्त माजे जागंव नेऊन बसव."

त्यांची जागा म्हणजे मच्छीबाजारातला ओटा. सासूकडून आलेली. तीन महिने जाऊ तिथे पाटी लावत होती, तात्पुरती म्हणून. पण नारळी पुनवेला नवा हंगाम सुरू झाला की जो ओट्यावर असेल तोच पुढे राहणार, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्यांच्या हातात जेमतेम दोन महिने होते.

"मग जा की बाजारात," मी म्हटलं. "चालता तर येतंय तुम्हाला."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "गाऊन घालून कोलीन बाजारात बसली तं लोकं मासली घेतील का औषद इचारतील? लुगरं नेसल्याबिगर मी गल्लीत पन नाय जायची."

तर असा प्रश्न होता. लुगडं नेसता आलं तर ओटा, नाही तर निळ्या फुलांचा गाऊन आणि चार भिंती. सून नेसवायला तयार होती, पण ती पहाटे मासळी घ्यायला निघून जायची. शिवाय सुनेच्या हातून लुगडं नेसून घेणारी बाई ओट्यावर कुणाला दरडावणार, हाही मुद्दा होताच.

माझ्या अंगात संशोधक संचारला. मी घरून आईची एक जुनी नऊवारी आणली, तिला टीप मारली, कमरेला इलॅस्टिक लावलं आणि केंद्रातल्या पट्ट्यांचं वेल्क्रो शिवून तयार लुगडं बनवलं. दोन रात्री खपले. मोठ्या अभिमानाने विभागात सगळ्यांसमोर ते चर्रकन उघडून दाखवलं.

"ये लुगरं हाय का पिशवी?" हिराबाईंनी विचारलं.

बाई हसल्या नाहीत. "तू त्यांना विचारलंस का, कसं हवंय ते?" एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, हो, चार पानी तपासणी केली आहे. बाईंनी सुस्कारा सोडला आणि त्या निघून गेल्या.

मग आम्ही खरं लुगडं घेतलं. पडद्याआड रोज दीड तास. पुढची गाठ त्या दातात टोक धरून मारायला शिकल्या. निऱ्या मांडीवर घालायला शिकल्या. अडायचं ते काष्ट्याशी. पायांतून मागे घेतलेलं टोक पाठीमागे कमरेत घट्ट खोचायचं, आणि डावा हात तिथवर पोचला तरी त्यात जोर येत नव्हता. पोचायचा, खोचायचा, आणि चार पावलांत टोक बाहेर. जून संपला, जुलै संपला. नारळी पुनव आठवड्यावर आली. इकडे माझ्याही फाइलला एक पूर्ण झालेली केस हवी होती, आणि मैत्रिणींच्या दोन दोन झाल्या होत्या. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण आपल्याबद्दलच्या अशा गोष्टी मी शेवटी सांगते.

त्या दिवशी बाई पडद्याबाहेर उभ्या होत्या. आत हिराबाई आणि मी. हात मागे. सगळं जमलं. काष्टा मागे गेला, बोटं चाचपडली, टोक अर्धं आत गेलं आणि तिथेच राहिलं. हिराबाईंच्या कपाळावर घाम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. आणि माझा हात पुढे आला. दोन बोटं फक्त. टोक आत सारलं, घट्ट.

हिराबाई पडदा सारून बाहेर आल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच सुंदर दिसत होत्या. मी रजिस्टर उघडलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: स्वतः.

बाईंनी वाचलं. "स्वतः?"

"हो बाई."

त्यांनी सही केली. हिराबाईंनी चहा केला, साखर दुप्पट. "छान झालाय," बाई म्हणाल्या. पाठवणी झाली.

चौथ्या दिवशी दत्ता आला. दारातच उभा राहिला, पायातली चप्पल न काढता.

"बाई, आई उठत नाय. गाऊन घालून भिंतीकडे तोंड करून पडलीय. बाजारात..." तो थांबला, मग चपलेकडे बघत म्हणाला, "ओट्यावरून उठली कुणाला तरी बोलायला, आन काष्टा सुटला. सगळ्यांसमोर. काकूने आपला पदर लावून रिक्षात घातली. बोलतच नाय कुणाशी."

मी म्हटलं, "बाई, शेवटचा खोचा मी मारला होता."

"किती बोटं?"

"दोन."

"दोन बोटांनी एका बाईला भर बाजारात उघडी पाडलीस," बाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नाही. मी रडायला लागले तर त्यांनी रुमालही दिला नाही. रजिस्टर काढून "स्वतः"वर लाल रेघ मारली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "चल."

रिक्षात मी मनात माफीचं भाषण जुळवत होते. त्यात "उपचारात्मक संबंध" असा शब्दही येत होता, इतकी मी तेव्हाही शहाणी होते.

कोपरीतलं घर म्हणजे पुढे ओटी, आत दोन खोल्या, दाराशी वाळत घातलेलं जाळं. हिराबाई खरंच भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. बाई खाली बसल्या. "ही बोलेल," म्हणाल्या.

भाषण कुठल्या कुठे गेलं. मी म्हटलं, "मावशी, मी खोटं लिहिलं. तुम्हाला काष्टा जमला नव्हता, मी खोचला होता. माझ्यामुळे झालं हे."

भिंतीकडून आवाज आला, "मना ठावं व्हतं. माजेच कमरेत बोटं घातलीस, मना कलनार नाय? मीच गप रायले. मना जावाचं व्हतं ना गे."

माझी माफी अशी अर्ध्यावर वाटली गेली. बाईंनी पिशवीतून क्रेप बँडेज काढलं, माझा उजवा हात छातीशी बांधला, आणि दोरीवरचं हिराबाईंचं लुगडं काढून माझ्या डाव्या हातात दिलं.

"नेस."

"बाई, इथे?"

"आज सोमवार आहे असं समज."

मी सलवारीवरून लुगडं नेसायला सुरुवात केली. ओटीच्या दारात शेजारच्या बायका जमल्या, पोरं खिडकीला लटकली. जन्मात मी नऊवारी नेसले नव्हते, दोन हातांनीसुद्धा. गाठ मारताना दातातलं टोक सुटलं, निऱ्या पायात आल्या, मी दत्ताच्या टोपलीवर जाऊन आदळले. बायका खुसखुसायला लागल्या. एक म्हणाली, "हीच का गो ती डाक्टरीन?" पुन्हा उभी राहिले. काष्टा मागे घेतला आणि खोचण्याच्या नादात स्वतःभोवती गोल फिरत राहिले. आता सगळे उघड उघड हसत होते. हिराबाईंची पाठ हलत होती. मला वाटलं रडताहेत.

त्या हसत होत्या. कुशीवर वळून, डोळे पुसत म्हणाल्या, "अगं मागं मागं कशाला जातंस? तिकरं काय हाय तुजं? डाव्या अंगाला घे! होरी बांदतान तशी बांद!"

"होडी कशी बांधतात मला काय माहीत मावशी," मी रडवेल्या आवाजात म्हटलं. "मी डोंबिवलीची आहे."

"येका हातात काठी रयते, होरी बाजूला जाव नये म्हनून," हिराबाई उठून बसत म्हणाल्या. "दुसऱ्या हातानं खुंट्याला दोरी. बापाबरोबर जायाची ना मी, लहान असतान. येकाच हातानं. अशी आडी, अशी आडी, आन वर पिल..." बोलता बोलता त्यांचा डावा हात हवेत फिरला, आणि तसाच थांबला. त्यांनी हाताकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

बाई हळूच म्हणाल्या, "खुंटा कुठे आहे पण, हिराबाई?"

"दत्त्या," हिराबाई ओरडल्या, "जाल्याची दोरी आन!"

जाळ्याची दोरी कमरेला कायमची बांधून टाकली. तो खुंटा झाला. काष्ट्याचं टोक पाठीमागे न नेता डाव्या कुशीला घेतलं, दोरीभोवती दोन वेढे, वर एक पीळ. जितकं ओढावं तितकी घट्ट. पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदा राहिली. मी बँडेजमध्ये, अर्धवट लुगड्यात उभी होते आणि माझे दोन्ही हात, बांधलेला आणि मोकळा, काहीच करत नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदाच मला ते कठीण गेलं नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना रंगीत खुंट्या भोकांत घालायला लावल्या. गाठीत ज्यांचा जन्म गेला त्यांना मी दोन महिने गाठ शिकवत होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला कुठली येते.

नारळी पुनवेला बाई मला घेऊन बाजारात गेल्या. आम्ही फुलवालीच्या आडोशाने उभ्या राहिलो. हिराबाई ओट्यावर होत्या, हिरव्या लुगड्यात. कुणीतरी पापलेटचा भाव पाडून मागितला आणि त्या काठी आपटून ताडकन उठल्या. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता आणि लुगडं जागच्या जागी होतं. त्यांना आम्ही दिसलो. त्यांनी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "ती बगा माजी डाक्टरीन! हिला लुगरं मी शिकवलंय!" आणि कौतुकाने दोन बोंबील माझ्या हातात कोंबले. आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. ते बोंबील मी डोंबिवलीपर्यंत नेले का, हे मी आईच्या हयातीत सांगणार नाही.

परत येऊन बाईंनी रजिस्टर उघडलं, लाल रेघेखाली स्वतःच्या हाताने "स्वतः" लिहिलं. माझ्याशी मात्र त्या नंतर कधी त्या प्रकाराबद्दल बोलल्या नाहीत. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत आम्हाला घेऊन उभ्या राहिल्या, ते लोक चपला कशा काढतात ते बघायला. "तो बघ, भिंतीला टेकल्याशिवाय पाय उचलत नाही. गुडघा." देवीपर्यंत पोचेस्तोवर आमची तीस जणांची तपासणी झाली. देवीसमोर हात जोडताना त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, "आता पुढे आण हात."

नोव्हेंबरात माझी इंटर्नशिप संपली. कॉलेजच्या फॉर्मवर शेवटी "शेरा" अशी एक ओळ होती. बाकीच्या मुलींना त्यांच्या वरिष्ठांनी "उत्कृष्ट", "मेहनती" असं काही लिहून दिलं होतं. माझ्या फॉर्मवर बाईंच्या गोल अक्षरात एकच शब्द: "मदतीने."

कॉलेजातल्या क्लार्कने चष्मा कपाळावर सरकवला. "मदतीने म्हणजे? कॉपी केली काय?"

"तसंच काहीतरी," मी म्हटलं.

मला तो शब्द फार लागला. पुढे नोकरीच्या मुलाखतींना मी तो फॉर्म फाइलच्या तळाशी ठेवायची. बाईंना त्यानंतर मी दिवाळीला कार्ड पाठवत राहिले, पण भेटायला गेले नाही. झालं गेलं ते कधीतरी माफ करतील की नाही, बाई? हा प्रश्न दर कार्डाबरोबर मनात यायचा आणि कार्डावर "शुभ दीपावली" लिहून मी तो परत घडी करून ठेवायची.

आठ-नऊ वर्षांनी कळलं की निवृत्त झालेल्या बाई घसरून पडल्या, उजवं मनगट मोडलं, आणि त्या एकट्याच राहतात. तोवर माझ्या हाताखालीही इंटर्न मुली आल्या होत्या, ज्यांचे हात मी सोमवारी बांधत असे आणि ज्या मला मागून वेडी म्हणत असत. मी ठाण्याला गेले. वाटेत ठरवलं होतं, की बाईंना आंघोळ, साडी, स्वयंपाक सगळ्याला मदत लागेल, आठवडाभर रजा टाकू. मनात म्हटलं, निदान आता तरी आपला उपयोग होईल.

दार बाईंनीच उघडलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. केस पूर्ण पांढरे. आणि साडी चापूनचोपून नेसलेली, एक चुणी वाकडी नाही. मी वाकून नमस्कार केला आणि उठताना माझी नजर त्यांच्या कमरेवर गेली. डाव्या कुशीला, परकराच्या नाड्यावरून एक जाडसर दोरी होती. निऱ्यांचं टोक त्या दोरीभोवती दोन वेढे घेऊन वर पिळलेलं.

मी तिथेच खाली बसले.

"बाई, साडी कशी नेसलात?"

"मदतीने," बाई म्हणाल्या.

"कुणी येतं का नेसवायला?"

"नेसवायला कशाला? हिराबाई आली होती, दोन दिवस. समोर हात मागे बांधून बसली आणि शिव्या घातल्या. आता रोज माझी मीच नेसते."

"मग ते स्वतःच झालं की," मी म्हटलं. रजिस्टराचे नियम मला पाठ होते.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ही गाठ काय माझी आहे? गाठ तिची आहे. तिच्या बापाची आहे. मदतीने लिहायचं." मग कमरेवरच्या त्या दोरीला हात लावून म्हणाल्या, "त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे? तुलाही तेच लिहून दिलं होतं ना मी."

आठ वर्षं मी तो शब्द शिक्षा म्हणून वाचत होते. नाक वाहायला लागलं, आणि या वेळी बाईंनी रुमाल दिला.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी डाव्या हाताने पातेलं ठेवलं, लायटर दोनदा निसटला, साखरेच्या डब्याचं झाकण छातीशी धरून उघडताना साखर ओट्यावर सांडली. माझे खांदे आपोआप पुढे झाले.

"हात?" बाईंनी पाठ न वळवता विचारलं.

"मागे आहेत बाई," मी म्हटलं.

चहात साखर विसरल्या होत्या. मी सगळा प्यायले आणि म्हटलं, छान झालाय.